ठोका कुणाचा

पायांच्या दवाखान्यातल्या एका शिकाऊ बाईला सगळे 'टेबल' म्हणायचे. हे नाव मोठ्या बाईंनी ठेवलं आणि बाकीच्यांनी चालवलं. शिकाऊ असली तरी ती वयाने लहान नव्हती. दोन मुलांची आई, मधली बरीच वर्षं घरात गेल्यावर उशिरा शिकायला आलेली, आणि म्हणून इतरांपेक्षा जरा जास्तच घाबरलेली.

झालं होतं असं. खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ पाय पुढे करून बसले होते. त्यांच्या पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेशेजारी, तिनं तीन बोटं ठेवली आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग चेहरा उजळला.

"लागतोय बाई. छान लागतोय ठोका."

"किती आहे?" बाईंनी विचारलं.

"नव्वदच्या आसपास असेल."

बाई पुढे आल्या, आजोबांचं मनगट हातात घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आजोबांची नाडी साठ. म्हणजे यांचा पाय यांना मागे टाकून पुढे पळालाय. ऊठ."

ती उठली.

"त्या टेबलाचा पाय धर. अशीच तीन बोटं ठेव. दाब. अगं, मघाशी दाबत होतीस तसं दाब. लागतोय?"

ती जमिनीवर बसून टेबलाचा पाय दाबत राहिली. कानापर्यंत लाल झाली होती. खोटं बोलायचंही सुचलं नाही तिला. "लागतोय," ती म्हणाली.

"अभिनंदन. टेबल जिवंत आहे."

सगळे हसले. बाहेर बाकावर बसलेले पेशंट हसले. आजोबाही हसले. त्यांच्या पायात ठोका सापडला नव्हता, पण याचा अर्थ काय ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

यात चूक कुठे होती ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्या बोटाच्या टोकालाही रक्तवाहिनी असते. बोट जोरात दाबलं, किंवा आपणच घाबरलेले, धापा टाकत असलेले, चिडलेले असलो, की तिथला ठोका आपल्यालाच जाणवतो. तो दुसऱ्याच्या पायातून येतोय असं वाटतं. अगदी खरं वाटतं. शिवाय जोरात दाबलं की खालची बारीक नाडी, असलीच तर, दबून बंद होते. म्हणून बाईंचा नियम होता की एक हात पायावर आणि दुसरा पेशंटच्या मनगटावर. मनगटातला आणि पायातला ठोका एकदमच पडला पाहिजे. जुळला तर पेशंटचा, नाही जुळला तर आपला. शंका आली तर बोटं हलकी करायची. तरी शंका राहिली तर मशीन.

बाई या कामात पक्क्या होत्या, हे त्यांना शिव्या घालणारेही मान्य करत. नखं बारीक कापलेली. पेशंटला हात लावण्याआधी गरम पाण्यात हात धुवायच्या, कारण थंड हाताला थंड पाय कळत नाही. मग हाताची उलटी बाजू गुडघ्यापासून खाली फिरवायच्या आणि गारवा कुठे सुरू होतो तिथे थांबायच्या. अंगठ्याचं टोक दाबून पांढरं करायच्या, सोडायच्या, रंग परत यायला किती वेळ घेतो ते बघायच्या. नडगीवरचे केस गेलेत का, कातडी तुकतुकीत झालीय का, नखं जाड झालीत का. हे सगळं होईपर्यंत त्या पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत नसत. बोलायच्या तेव्हाही पायाकडे बघूनच.

सिगारेट न सोडणाऱ्या एका ड्रायव्हरला त्या म्हणाल्या होत्या, "ओढा, खुशाल ओढा. पाय दोन असतात."

ड्रायव्हरची बायको तिथेच रडायला लागली. बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

लग्न केलं नव्हतं. बसडेपोच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. आणि रविवारी सकाळी भावाकडे जायच्या, त्याचे पाय बघायला, कारण त्याला साखरेचा आजार होता.

भाऊ शिंपी होता. गल्लीत त्याला मास्तर म्हणत. तिसऱ्या मजल्यावर घर, पुढच्या खोलीत खिडकीला लावून पायडलचं मशीन. विजेची मोटर लावून घे म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं. "मोटरला कुठे थांबायचं कळत नाही, पायाला कळतं," असं त्याचं म्हणणं. बाप गेला तेव्हा बाई शाळेत होत्या आणि तो कॉलेजात नाव घालणार होता. नाव घातलं नाही. बापाच्या मशीनवर बसला आणि उठलाच नाही. घर चाललं ते त्यावर, आणि बाईंचं शिक्षणही त्यावरच झालं. हे त्यानं बाईंना कधी विसरू दिलं नाही.

"पायडल मी मारलं, डिग्री हिला मिळाली," तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. मग पाय पुढे करायचा. "घे बारके. धर आता."

दवाखान्यात ज्यांच्यापुढे लोक चळचळा कापायचे, त्या बाईंचं नाव या घरात बारकी होतं.

रविवारचं सगळं ठरलेलं होतं. बाई तीन मजले चढून धापा टाकत दारात यायच्या. मास्तर दारातच काहीतरी टाकून बोलायचा.

"आल्या डॉक्टरीणबाई. अगं ए, सतरंजी घाल, नाहीतर बिल वाढवतील."

"तुझी जीभ तेवढी अजून शाबूत आहे, दादा. साखर तिथे काही करू शकली नाही."

"जीभ माझी बापाची आहे. तुझी कुणाची आहे ते बघ."

अशी सुरुवात होऊन कधी ते बाईंच्या लग्नापर्यंत जायचं, कधी आईच्या शेवटच्या आजारपणात कोण किती झिजलं तिथपर्यंत. वहिनी आतून म्हणायची, "अहो, पुरे की. वन्सं, चहा ठेवलाय." मग बाई लाल चेहऱ्यानं जमिनीवर बसायच्या आणि भावाचा पाय मांडीवर घ्यायच्या.

मास्तर तोपर्यंत स्टुलावर बसून काजं करायला लागलेला असायचा. काजं तो हातानंच करायचा, मशीनची काजं त्याला खपत नसत. डाव्या हातात कापड, उजव्या हातात सुई, मधल्या बोटात अंगुस्तान.

"मनगट दे," बाई सुरुवातीला म्हणायच्या.

"हात कामात आहेत."

"दोन मिनिटं दे. नाडी जुळवून बघायची असते."

"तुला पायांचं शिक्षण दिलंय मी, हातांचं नाही. पाय दिलाय, तो बघ."

चार-सहा रविवार त्यांनी मागून पाहिलं. मग सोडून दिलं. इतकी वर्षं पाय बघतोय, आपल्या बोटांना कळतं, असं स्वतःला सांगितलं. तीन बोटं ठेवायच्या, जरा दाबायच्या. लागायचा ठोका. जोरात भांडण झालं असेल त्या दिवशी तर फारच छान लागायचा.

"आहे," त्या म्हणायच्या. "चांगला आहे."

"असणारच. मारलेलं पायडल आहे ते."

पाऊलही चांगलं दिसायचं. स्टुलावरून खाली सोडलेलं, गुलाबी लालसर. दवाखान्यात असतं तर बाईंनी पेशंटला आडवं करून पाय वर उचलून धरला असता. रक्त कमी पोचणारा पाय वर धरला की पांढरा पडतो आणि खाली सोडला की नको इतका लाल होतो. हे त्या दर महिन्याला नव्या शिकाऊंना दाखवत. इथे पाय नेहमी खालीच असायचा. मास्तरला आडवा हो म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, असं नाही. त्यातून आणखी अर्धा तास ऐकावं लागलं असतं, एवढंच.

त्या वर्षी मास्तर चालताना थांबायला लागला. बाजाराच्या रस्त्यानं निघाला की तयार कपड्यांच्या एकेका दुकानापुढे उभा राहायचा. काचेआडचा शर्ट बघायचा. "बाही बघ कशी ओढलीय. खांदा उतरलाय. याला शर्ट म्हणायचं?" मग पुढे निघायचा, थोडं चालून पुढच्या दुकानापुढे तेच. घरात याची थट्टा व्हायची. वहिनी म्हणायची, "यांच्याबरोबर दूध आणायला गेलं की दूध नासतं." एकदा बाईही बरोबर होत्या. त्याही हसल्या. म्हणाल्या, "दादा, लोकांचे शर्ट तपासतोस, स्वतःचा बघ, कॉलर झिजलीय." चालताना पोटऱ्या भरून येतात, उभं राहिलं की उतरतात, म्हणून असे पेशंट रस्त्यात काहीतरी निमित्त काढून थांबतात, हे बाईंनी शिकाऊंना फळ्यावर लिहून दिलं होतं.

मग टाचणी लागली. कापडातून पडलेली टाचणी उजव्या अंगठ्याच्या कडेला घुसली आणि मास्तरला कळलंही नाही. साखरेनं पायाची जाणीव आधीच गेली होती. वहिनीला फरशीवर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं.

रविवारी बाईंनी जखम बघितली. धुतली, पट्टी केली, ठोका बघितला.

"भरेल," त्या म्हणाल्या. "रक्त चांगलं पोचतंय. जखम रक्तावर भरते. ओली करू नकोस, एवढंच."

पुढच्या रविवारी जखम तशीच होती. त्याच्या पुढच्या रविवारी कडा पिवळट दिसल्या. वहिनी बाईंना पोचवायला जिन्यापर्यंत आली आणि दार ओढून घेऊन म्हणाली, "वन्सं, हे रात्रीचे पाय पलंगाखाली सोडून झोपतात. वर घेतला की दुखतो म्हणतात. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

"उकाडा आहे, वहिनी."

"एकदा मशीन लावून बघा ना. घेऊन येते मी त्यांना."

"माझ्या बोटांवर विश्वास नाही का तुमचा?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

वहिनीनं दाराची कडी पुन्हा धरली. तिला या घरात गप्प बसायची चांगली सवय होती.

त्यानंतरच्या रविवारी जी गोष्ट घडली ती घरातल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. दारात भांडण झालं ते फार लांबलं नाही. मास्तरनं पाय पुढे केला, बाईंनी पट्टी सोडली, ठोका बघितला, आहे म्हणाल्या. काजं करता करता मास्तरची सुई थांबली. कापडाकडे बघत तो म्हणाला, "बारके, उद्या येऊ का तुझ्याकडे? दवाखान्यात?"

बाईंनी वर बघितलं. या माणसानं त्यांना आयुष्यात काही मागितलं नव्हतं. दिलं होतं, आणि दिलेलं पुन्हापुन्हा ऐकवलं होतं. आता तो विचारत होता, आणि विचारताना त्याचा चेहरा गिऱ्हाइकाला उशीर झाल्याचं सांगताना व्हायचा तसा बारीक झाला होता. बाईंना ते आवडलं. आवडलं म्हणजे काय, अंगातून गरम काहीतरी गेलं. तो आणखी एकदा विचारेल तर बरं, असं वाटलं. म्हणून त्या म्हणाल्या,

"कशाला? तिथे खरे पेशंट असतात. तुझ्यासाठी रांग कशाला अडवायची? भित्रा झालास का म्हातारपणी?"

मास्तरनं सुई पुन्हा चालवायला घेतली. "सहज विचारलं," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बाई जिना उतरताना थोड्या हलक्या पायानं उतरल्या. पुढच्या रविवारी परत विचारेल, मग उद्याच ये म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या रविवारी त्यानं पाय दाखवलाच नाही. मोजा घालून मशीनवर बसला होता. "बरा आहे," म्हणाला. "आज घाई आहे, लग्नाचे कपडे आहेत." त्याच्याही पुढच्या रविवारी तेच. बाईंना राग आला. त्यांनीही मोजा काढ म्हटलं नाही.

वहिनीनं त्याला शेवटी रिक्षात घालून दवाखान्यात आणलं, कुणाला न विचारता. सोमवार होता, बाहेरचा बाक भरलेला. तिच्या हातात त्याचा उजवा बूट होता, कारण तो पायात जात नव्हता.

टेबलानं त्याला खुर्चीवर बसवलं आणि मोजा काढला. अंगठा अर्धा काळा झाला होता. वास आला. बाकावरच्या एका बाईनं पदर नाकाला लावला.

बाई आल्या, पाय बघितला, भावाकडे बघितलं आणि हात धुवायला गेल्या. गरम पाण्यात हात बराच वेळ धरून राहिल्या. चार शिकाऊ भोवती उभे होते, कारण अशा पायाची तपासणी बघायला त्यांनीच सगळ्यांना बोलवायची शिस्त लावली होती.

हाताची उलटी बाजू गुडघ्यापासून खाली आली. पोटरीच्या मध्यावर गारवा सुरू झाला. घोटा थंड होता. खुर्ची मागे आडवी करून टेबलानं पाय वर उचलून धरला. बघता बघता पाऊल मेणासारखं पांढरं पडलं. खाली सोडलं तसा हळूहळू लाल रंग चढायला लागला, काळपट लाल. हा रंग बाईंच्या ओळखीचा होता.

त्यांनी तीन बोटं पावलावर ठेवली. ठोका लागला. जोरात लागला.

मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. मास्तरच्या हातात आज कापड नव्हतं, सुई नव्हती. दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते. त्यातलं एक मनगट बाईंनी धरलं. मनगटातली नाडी संथ चालली होती. पायातली धावत होती. त्यांनी बोटं हलकी केली, जशी त्या सगळ्यांना करायला सांगत तशी, आणि धावणारा ठोका निघून गेला. त्याच्या खाली काही नव्हतं.

"डॉपलर," बाई म्हणाल्या.

टेबलानं जेल लावून पेनसारखं ते टोक पावलावर टेकवलं. चांगल्या नाडीचा आवाज त्या मशीनमधून उड्या मारत येतो, एका ठोक्यात तीन तुकडे ऐकू येतात. इथे नुसती खरखर आली. टोक इकडेतिकडे सरकवून पाहिलं, खरखरच. घोट्याच्या आतल्या बाजूला मागे कुठेतरी एक सपाट, दमलेला हुश्श असा आवाज मिळाला. तो एकच. त्यानंतर पट्टा बांधला, आधी दंडाला, मग घोट्याच्या वर. रक्तदाबाचे दोन्ही आकडे आले. घोट्याचा दंडापेक्षा बराच मोठा आला.

मास्तर आयुष्यभर मापं घेत आलेला माणूस. त्यानं मान उचलली. "मोठा आला ना? म्हणजे चांगलं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "साखरेनं नळी आतून चुन्यासारखी कडक झालीय. पट्टा दाबतो, पण ती दबत नाही. म्हणून आकडा फुगतो. आत रक्त वाहतंय असा त्याचा अर्थ नाही."

"म्हणजे टेप खोटी."

"हो. आता अंगठ्याचं माप घ्यायचं. तिथली बारीक नळी सहसा इतकी कडक होत नाही."

काळ्या अंगठ्याला पट्टा लावता येईना, म्हणून शेजारच्या बोटाला छोटा पट्टा लावला. आकडा आला तेव्हा टेबलानं तो मोठ्यानं वाचला नाही. पट्टा सोडला, परत बांधला, परत फुगवला. तोच आकडा आला. तिनं मशीन बाईंकडे वळवलं.

मास्तर सगळं बघत होता. पायांत जाणीव नसली तरी डोळे शाबूत होते. तो म्हणाला, "मग दर रविवारी काय लागत होतं तुला?"

बाईंना सांगता आलं असतं की तेव्हा होता, आता बंद झालाय. असं होतं. कुणी खोडून काढू शकलं नसतं. टेबलाची मान खाली होती. ती खोलीच्या कोपऱ्यात, जिथे ते टेबल होतं, तिकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती.

"माझा," बाई म्हणाल्या.

"काय तुझा?"

"ठोका. तो माझा होता."

मास्तर हसला. दुकानाच्या काचेआडचा ओढलेला खांदा बघून हसायचा तसा. "म्हणजे वर्षभर तू स्वतःचीच नाडी बघत होतीस," तो म्हणाला. "माझा पाय धरून."

वहिनी दाराजवळ बूट घेऊन उभी होती. तिनं चहा हवा का विचारावं तशा आवाजात सांगितलं, "वन्सं, मी मशीन म्हणाले होते."

रक्तवाहिन्यांच्या सर्जनांनी मांडीतून तार घालून वरून रस्ता मोकळा करायचा प्रयत्न केला. तो अर्धवट झाला. जखम लहान असताना आला असता तर अंगठ्यावर निभावलं असतं, असं ते वहिनीला म्हणाले. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या कोण आहेत ते सर्जनांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते वाक्य वहिनीकडेच बघून पूर्ण केलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात बाईंनी टेबलला टेबल म्हणणं सोडून दिलं. तिचं खरं नाव घेऊन हाक मारायला लागल्या. इतरांच्या तोंडात मात्र बसलं होतं ते बसलं. त्याच महिन्यात बाईंच्या पाठीमागे त्यांनाही एक नाव पडलं. 'रविवार आला', असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं आणि सगळे कामाला लागायचे. ते नाव टेबलानं ठेवलं होतं.

मास्तर घरी आला. एका पायानं पायडल मारता येतं, पण लय राहत नाही, शिलाई वाकडी जाते. दोन शर्ट त्यानं स्वतःच उसवून टाकले. मग मशीनवर झाकण घातलं आणि काजंच तेवढी करत बसला. मोटर लावून देते, असं बाईंनी एकदा म्हटलं. "लाव," तो म्हणाला, "आणि चालव तूच." मोटर आली नाही.

उरलेला डावा पाय दर महिन्याला दवाखान्यात तपासला जायचा. टेबल तपासायची, तिच्याच हातानं हवा म्हणून मास्तरनं सांगून ठेवलं होतं. ती बोटाचा दाब घ्यायची, डॉपलर लावायची, सगळं चोख करायची. म्हणजे रविवारी पाय बघायची काही गरज नव्हती. हे मास्तरला ठाऊक होतं, आणि बाईंनाही.

मास्तर घरी आल्यावर पहिल्या रविवारी त्या आल्या त्या भेटायला म्हणून आल्या. सफरचंदं आणली होती. मास्तरनं ती बघितली नाहीत. हातातलं कापड बाजूला ठेवलं, सुई कापडाला टोचली, अंगुस्तान काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. डावा पाय पुढे केला, आणि डावा हातही.

"धर," तो म्हणाला. "दोन्ही."

"दादा, परवाच दवाखान्यात बघितलाय. चांगला आहे."

"मशीननं बघितलाय. तू बोटांनी बघ."

बाई जमिनीवर बसल्या. एक हात पायावर, एक मनगटावर. बराच वेळ गेला.

"आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

त्यांनी वर बघितलं.

"कुणाचा आहे ते सांग. आत ऐकू जाऊ दे."

"तुझा."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

तेव्हापासून बाई दर रविवारी जातात. न जाण्याचा विचार त्यांनी एकदा केला होता. शनिवारी वहिनीचा फोन आला. "उद्या याल ना? विचारतायत. मी काय सांगू?" त्या गेल्या. आता तीन मजले चढून झाले की त्या लगेच घंटी वाजवत नाहीत. वरच्या पायरीवर बसतात, पिशवी मांडीवर घेऊन, छातीतली धडधड खाली येईपर्यंत. शेजारचे लोक येता-जाता बघतात. धापेनं ठोका बिघडू नये म्हणून त्या बसतात, हे कुणाला कसं कळणार. स्वतःचं मनगट धरून बघतात, आणि संथ झालं की उठतात.

मास्तरला हे कळलं, कसं कोण जाणे. खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. बारकी फाटकातून आत आल्यापासून घंटी वाजेपर्यंत किती वेळ जातो, याचा त्याला अंदाज असणार.

म्हणून मागच्या रविवारी दार उघडल्या उघडल्या त्यानं सुरुवात केली. आधी तिच्या साडीवरून. मग तिच्या एकट्या घरावरून. मग आईवरून. शेवटच्या दिवसात आई कुणाला हाका मारत होती आणि कोण आलं नव्हतं, हे त्यानं अगदी सावकाश सांगितलं. इतकी वर्षं भांडणात सुद्धा जे दोघांनी बाजूला ठेवलं होतं ते. बाई उत्तर देणार नव्हत्या. त्या दातावर दात धरून उभ्या राहिल्या, पण कानशिलं तापली, गळ्याची शीर उडायला लागली. मास्तर त्यांच्याकडे बघत होता. पुरेशी उडालेली दिसल्यावर तो थांबला.

सुई कापडाला टोचली. अंगुस्तान कठड्यावर ठेवलं. पाय पुढे केला, हात पुढे केला.

"हं. बघ."

बाई खाली बसल्या. बोटं ठेवली. बोटांत ठोक्यांचा नुसता गोंधळ होता. त्यांनी बोटं हलकी केली, आणखी हलकी केली. मनगटातली नाडी संथ होती, एक, आणि मग एक. पायावर आपलंच रक्त धावत होतं. त्याच्या खालून दुसरं काही येतंय का, त्या ऐकत राहिल्या. चहा निवला. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"सांग की," मास्तर म्हणाला.

"थांब."

"मी कुठे जातोय?" तो म्हणाला. "सावकाश बघ. कुणाचा आहे ते नीट बघून सांग."